शब्दचर्चा : कॉक्लिअर इम्प्लांट आणि 'बारीक' आवाज

प्रश्न : माझ्या भाच्याला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र) आहे. मॅपिंगला, म्हणजे यंत्र त्याच्या कानाला जुळवून देताना, एकेक इलेक्ट्रोड (विजेचा संदेश देणारं टोक) वाजवून विचारतात, आवाज कसा येतोय? तो म्हणतो, 'बारीक'. हळू आला म्हणून बारीक, की शिट्टीसारखा आला म्हणून? पिचसाठी, म्हणजे आवाजाच्या पट्टीसाठी, 'तारता' शब्द चालेल का?

उत्तर : 'तारता' लेखात ठीक, लहान मुलासमोर उपयोगाचा नाही. तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे. 'टीव्ही बारीक कर' यातलं बारीक म्हणजे कमी, आणि 'तिचा आवाज बारीक आहे' यातलं बारीक म्हणजे वरच्या पट्टीचं. 'खालच्या आवाजात बोल', 'आवाज चढला' इथंही तोच घोळ. मॅपिंगमध्ये ही गल्लत परवडत नाही. आवाज किती मोठा वाटावा हे विद्युतप्रवाहाच्या पातळीवर ठरतं, पिच मुख्यतः इलेक्ट्रोड कॉक्लियात (आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत) कुठे आहे त्यावर. तळाकडचे किनरे वाटतात, टोकाकडचे जाड. म्हणून हळू-मोठा ही एक जोडी आणि जाड-किनरा ही दुसरी, असं आधीच ठरवून घ्या. 'किनरा' म्हटल्यावर कुणी हळू समजत नाही.

आणखी एक : मग 'सूर' का नको?

उत्तर : कारण सूर म्हटलं की सा आणि कोमल रे वेगळे ऐकू यायला हवेत. त्यांच्या कंपनसंख्येत जेमतेम ६ टक्क्यांचा फरक असतो. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे ३,५०० असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड १२ ते २२, आणि एकाचा प्रवाह शेजारच्याच्या हद्दीत पसरतो. शिवाय इम्प्लांटचे बहुतेक प्रोसेसर (आवाजाचे विजेचे संदेश करणारा भाग) ध्वनीच्या चढउताराची ढोबळ रेघ तेवढी पाठवतात, आतली सूक्ष्म कंपनं गळतात. इलेक्ट्रोडमधून जाणारे विजेचे स्पंद जलद केले तरी पिच चढतं, पण बहुतेकांना सेकंदाला साधारण ३०० स्पंदांपर्यंतच. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन २९४ हर्ट्झला येते, म्हणजे ही सोय तिथेच संपत आली. त्यामुळे कुणाला अर्ध्या सुराचा फरक कळतो, तर कुणाला सप्तकभर अंतर लागतं. ताल मात्र छान कळतो. असं मूल ठेका अचूक धरतं आणि चाल ओळखत नाही, तेव्हा 'त्याला गाण्याची आवड नाही' असं म्हणणं फार अन्यायाचं आहे.

प्रश्नकर्ती : 'तू येणार?' हे तो कधीकधी विधान समजतो. तेही यातूनच?

उत्तर : बहुधा हो, तिथे प्रश्न फक्त हेलातून कळतो. घरात 'येणार का?' म्हणत जा. दुसऱ्या कानात खालच्या पट्टीचं थोडं ऐकू शिल्लक असेल, तर त्या कानाला श्रवणयंत्र लावण्याबद्दल ऑडिओलॉजिस्टना जरूर विचारा; हेल आणि चाल दोन्हींना त्याची मदत होते. आणि जाड-किनरा शिकवताना पेटीच्या शेजारच्या पट्ट्या घेऊ नका, खर्जातली एक आणि तार सप्तकातली एक घ्या.