'२० कोयते' म्हणजे माणसे किती?

धुंडाळ्या
उसाच्या गळीत हंगामाच्या एका बातमीत वाचलं : 'उचल घेऊन मुकादम पसार, २० कोयते आलेच नाहीत.' इथे पुण्यात कोयता म्हटलं की आधी गँग आठवते. हे कोयते 'येतात' कसे? आणि उचल म्हणजे आगाऊ पगारच ना?

कृष्णाकाठ
४० माणसं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीदार नसलेला गडी किंवा बाई असेल तर अर्धा कोयता. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून आणणारा. उचल किती द्यायची, टोळी केवढी, सगळं कोयत्यावर ठरतं.

माजलगावकर
आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल 'स्थलांतर केलं' असं कुणी म्हणत नाही, 'कारखान्याला गेलेत' म्हणतात. कारखान्याच्या आत मात्र त्यांचं काही काम नसतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, जत या भागांतून टोळ्या निघतात, त्या पट्टा पडल्यावरच परततात. पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं.

आता कोयत्याचं. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो. पाचट म्हणजे वाळली पानं काढणं, मोळ्या बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं यात बाई असतेच. शिवाय पहाटेच्या भाकरी, पाणी, कोपीतली, म्हणजे झोपडीतली लेकरं तिच्याच माथी. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही टनावरच. त्या टनातला बाईचा वाटा किती, हे कुठंच लिहिलेलं नसतं, कारण उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशोबही त्याच्याच नावावर होतो. हत्याराचं नाव माणसाला पडलं याचं मला काही वाटत नाही, तबलजीलाही आपण 'तबला' म्हणतोच. पण दोघांना मिळून एक नाव पडलं आणि हिशोबातून बाई गेली, हे खटकतं.

उचलीला आगाऊ पगार म्हणू नका. पगारातली आगाऊ रक्कम काम सोडताना वळती होते. उचल फिटली नाही तर 'अंगावर राहते' आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. बाजारात मजुराला भाव असतो म्हणतात, पण उचल अंगावर असलेल्याला दुसरीकडं भाव करता येत नाही.

शिरोळचा
एक बाजू ऐकली, आता दुसरी ऐका. आमच्याकडं मुकादमाशी करार बहुतेक ऊस वाहणारा वाहनमालकच करतो. ट्रॅक्टरवर कर्ज, वर उचलीसाठी आणखी कर्ज. मुकादम लाखो रुपये घेऊन फोन बंद करतो, टोळी येतच नाही. बुडालेल्या वाहनमालकांच्या पोलिसांत तक्रारी आहेत. आणि टोळी आली तर शेतकऱ्याकडून 'खुशाली' म्हणून वरचे पैसे घेते. वाहनाच्या ड्रायव्हरची 'एंट्री' वेगळी. खुशालीत खूश कोण असतं ते विचारू नका! ऊस वाळायला लागला की शेतकरी मुकाट्यानं देतो.

माजलगावकर
खरं आहे. पण पैसे घेऊन पळतो तो मुकादम, कोयता नव्हे. बातमीत दोघं एकाच वाक्यात असतात एवढंच.

जुनी दफ्तरे
मुकादम मूळचा अरबी, 'पुढे केलेला' अशा अर्थाचा. जुन्या कागदांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. वसुली करणारा आणि रयतेच्या वतीने बोलणाराही तोच.

धुंडाळ्या
म्हणजे फारसं बदललेलं नाही! बरं, 'खाडा'? आमच्या कामवाल्या मावशींचे खाडे असतात तोच का?

कृष्णाकाठ
शब्द तोच. मावशींचा खाडा झाला तर फार तर त्या दिवसाचे पैसे कापतात. उसाच्या फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, खाड्याला दंड लागतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर उचलीत भर पडते. बाई आजारी पडली तरी कोयता बसून राहतो, म्हणून दंड पुऱ्या कोयत्याला. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पुढे आला आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा हा दंडही शहरातल्या वर्तमानपत्रांतून वाचायला मिळाला. तोवर खाडा हा शब्द तिकडे धुण्याभांड्यांपुरताच होता.

शिरोळचा
जाता जाता : डोकी सेंटर, टायर सेंटर, गाडी सेंटर हेही टिपून घ्या. डोकी म्हणजे मोळ्या डोक्यावरून ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भरणारे, टायर म्हणजे भाड्याच्या टायरगाडीवाले, गाडी म्हणजे स्वतःची बैलगाडी असलेले. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून चार पैसे मिळतात ते गाडीवाल्यांना जास्त. आता हार्वेस्टर आलेत, पण लहान वाफ्यात आणि चिखलात ते चालत नाहीत.

धुंडाळ्या
मी एका लेखासाठी तक्ता करतोय. त्यात 'कोयता'ऐवजी 'मजूर जोडपे' लिहिलं तर चालेल?

कृष्णाकाठ
कोयताच लिहा, मुकादमाच्या वहीत तोच सापडेल. शेजारी बाया आणि पुरुष असे दोन रकाने मात्र घाला. अर्ध्या कोयत्यासमोर १ लिहा, ०.५ नको.