मदत हवी आहे: फोम मोल्डिंगसाठी पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लास्टिक की एबीएस प्लास्टिक?

नमस्कार मंडळी. साकीनाक्याला आमचा मोल्डिंगचा छोटा गाळा आहे. टूलबॉक्सचं ६ मिमी जाडीचं झाकण ब्लोइंग एजंट (प्लास्टिकच्या आत वायूचे बुडबुडे करणारा पदार्थ) घालून १० टक्के हलकं करायचंय.

साध्या पीपीत पेशी (म्हणजे हे बुडबुडे) एकमेकींत फुटून मधे मोठी पोकळी होते, झाकण तिथेच तडकतं. वितळलेल्या साध्या पीपीला ताण सोसत नाही, म्हणून असावं. २० टक्के टाल्कवाला (खनिजाची पूड मिसळलेला) पीपीचा दाणा घेतला तर पेशी बारीक आणि सारख्या आल्या, जीव सुखावला! पण टाल्कमुळे वजन वाढतं, वर चंदेरी रेघाही दिसतात.

हाय मेल्ट स्ट्रेंग्थ पीपी (वितळल्यावरही ताण सोसणारं) साध्यात किती मिसळावं? की एबीएस बरं? ते आधी सुकवावं लागतं, त्याची तयारी आहे. कोणी स्वतः चालवलं असेल तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात सॅम्पल द्यायचंय.