कामिलाला त्या दिवशी बर्फावर उतरू द्यायलाच नको होतं

कट्ट्यावरचा_मंग्या
रशियाची फिगर स्केटर कामिला वालिएवाची डोपिंगसाठीची चार वर्षांची बंदी डिसेंबर २०२५ ला संपली आणि तेव्हापासून माझ्या फीडवर लोकांना नुसता तिचा उमाळा आलाय. बिचारी, कोवळी पोर, जगाने छळलं वगैरे. म्हटलं एकदा मांडूनच टाकू काय ते.

ज्यांनी तेव्हा पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीजिंग विंटर ऑलिंपिक, फेब्रुवारी २०२२. वय वर्षं १५. ७ तारखेला टीम इव्हेंटमध्ये तिने क्वाड मारला, म्हणजे हवेत चार गिरक्या, ऑलिंपिकमध्ये असं करणारी पहिली बाई. रशियन टीम पहिली आली. दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट आला की २५ डिसेंबरला सेंट पीटर्सबर्गला त्यांच्या नॅशनल्समध्ये घेतलेल्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन सापडलंय, हृदयाचं औषध, बंदी असलेलं. रशियाच्या अँटी डोपिंगवाल्यांनी तिला सस्पेंड केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच समितीने ते उठवलं. ऑलिंपिक कमिटी, वाडा (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) आणि स्केटिंगची फेडरेशन तिघंही क्रीडा लवादाकडे गेले आणि १४ तारखेला लवाद म्हणतो की पोरगी सोळाच्या आतली आहे, रिपोर्ट उशिरा आला ही तिची चूक नाही, खेळू द्या.

आणि मग काय तमाशा झाला बघा. कमिटीने जाहीर केलं की ही पहिल्या तिघींत आली तर पदक समारंभच होणार नाही! फ्री स्केटला, म्हणजे दुसऱ्या आणि शेवटच्या फेरीला, चोवीसच्या जागी पंचवीस जणी घेतल्या, हिच्यामुळे कोणाची जागा जायला नको म्हणून. अरे म्हणजे तुम्हालाच खात्री नाही ना, मग उतरवता कशाला? बाकीच्या चोवीस जणींनी कुणाचं घोडं मारलं होतं? त्यापण चार चार वर्षं पहाटे उठून पडून हाडं मोडून आल्या होत्या.

माझं मत साधं आहे. नमुन्यात सापडलं की बाहेर. वय १५ असो की ५०.

रिंकची_आई
मंग्या, राग समजला पण तू फ्री स्केट पाहिलं होतंस का रे त्या दिवशी? मी पाहिलं होतं, लेकीला मांडीवर घेऊन. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ८२.१६ गुण घेऊन पहिली होती ती, आणि १७ तारखेला एकामागून एक पडत गेली, जी पोर कधी पडत नाही ती. शेवटी चौथी आली. आणि रिंकच्या बाहेर पडल्या पडल्या कोच एतेरी तुतबेरिद्झे काय म्हणाली तर सोडून का दिलंस, लढायचं का थांबवलंस. जवळ घेणं नाही पाणी नाही. ऑलिंपिकचे अध्यक्ष थॉमस बाख नंतर म्हणाले की हे बघून अंगावर काटा आला.

दुसरीकडे तिच्याच क्लासची त्रुसोवा पाच क्वाड मारूनही सिल्व्हर मिळालं म्हणून रडतेय, मला हा खेळ आवडत नाही म्हणून ओरडतेय, आणि गोल्ड मिळालेली शेर्बाकोवा हातात टेडी घेऊन एकटीच बसलीय, तिच्याकडे कोणी बघतपण नाहीये. तीन मुली, एक कोच, आणि एकीच्याही चेहऱ्यावर आनंद नाही. त्या सगळ्यात मनापासून हसू होतं ते ब्राँझवाल्या जपानच्या काओरी साकामोतोच्या चेहऱ्यावर, आणि ती होती २१ वर्षांची!

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, रोलरवर करते, बर्फ आपल्याकडे कुठून आणणार. तिला क्लासमध्ये पाण्याच्या बाटलीत कोणी काय टाकून दिलं तरी ती पिणार, कारण सर म्हणाले. पंधराव्या वर्षी काय वेगळं असतं?

नियमबहाद्दर
रिंकची आई, भावना एका बाजूला ठेवू आणि नियम बघू. डोपिंगमध्ये तत्त्व एकच की शरीरात सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, कसं गेलं ते त्यानेच सिद्ध करायचं. तिला जमलं का? नाही. आधी म्हणे आजोबांच्या ग्लासातून गेलं, मग म्हणे आजोबांनी स्वयंपाकघरातल्या ज्या चिरायच्या बोर्डवर गोळ्या कुटल्या त्याच बोर्डवर स्ट्रॉबेरीचं काहीतरी गोड केलं. २९ जानेवारी २०२४ ला लवादाने स्पष्ट लिहिलं की मुद्दाम घेतलं नव्हतं हे तिला पटवता आलं नाही, आणि या बाबतीत तिला मोठ्या खेळाडूपेक्षा वेगळं वागवायला नियमात आधार नाही. चार वर्षं, २५ डिसेंबर २०२१ पासून मोजून.

म्हणजे मंग्या म्हणतोय तेच झालं, फक्त दोन वर्षं उशिरा.

गोळीबिस्कीट
मेडिकलचं दुकान आहे म्हणून लिहितो, बाकी खेळातलं मला शून्य कळतं.

ट्रायमेटाझिडीन आमच्याकडे रोज जाते. अँजायनाचे, म्हणजे हृदयामुळे छातीत दुखणारे पेशंट, साठीच्या पुढचे काका मावश्या. काम असं की हृदयाच्या स्नायूला चरबी जाळण्याऐवजी साखर जाळायला लावते, त्यात ऑक्सिजन कमी लागतो. आता खेळाडूने घेतली तर खरंच किती फायदा होतो यावर डॉक्टर लोकांचंच एकमत नाहीये, पण वाडाच्या यादीत ती २०१४ पासून आहे आणि बारा महिने बंदी.

आता कुटायचं म्हणाल तर साधी २० ची गोळी कुटता येते. ३५ ची एमआर येते ती कुटायची नसते, हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते, आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण घरी जाऊन कुटतो :) गिळवत नाही म्हणतात. खलबत्त्यात, वाटीच्या बुडाने, पोळपाटावर लाटण्याने, काय काय ऐकलंय. आणि त्याच खलबत्त्यात संध्याकाळी वेलची. तर ती आजोबांची गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येत असेल, मला नाही आलं. तिच्या नमुन्यात मिलीलिटरला २.१ नॅनोग्रॅम सापडलं. नॅनो म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

नियमबहाद्दर
गोळीबिस्कीट, मस्त माहिती. पण कमी सापडलं म्हणजे कमी घेतलं असं नसतं ना? चार दिवसांपूर्वी पूर्ण गोळी घेतली आणि उतरत उतरत इतकी राहिली असंही असू शकतं.

गोळीबिस्कीट
असू शकतं की. मी वकील नाही तिचा. वेलचीबद्दल बोललो फक्त.

तांबडी_माती
इथे सगळे बर्फावर घसरतायत, मी जरा मातीत आणतो. आपला पैलवान नरसिंग यादव विसरलात काय हो?

सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ ला लास वेगासला वर्ल्डचं ब्राँझ आणून ७४ किलोचा ऑलिंपिक कोटा मिळवला. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर नमुन्यात मेथॅन्डाइनोन, बंदी असलेलं स्टेरॉइड, सापडलं. तो म्हणाला माझ्या खाण्यात कोणीतरी कालवलं. १ ऑगस्ट २०१६ ला आपल्या नाडाने (भारताची डोपिंगविरोधी संस्था) सोडला, गावात पेढे वाटले आम्ही. वाडाने लवादाकडे अपील केलं आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षं. पोरगं रिओत पोचलेलं, वजन कमी केलेलं, उद्या आखाडा. संपलं.

आता दोन्ही केस शेजारी ठेवा. दोघांना देशातल्या एजन्सीने सोडलं, दोघांवर वाडा लवादात गेली, दोघांनी सांगितलं अन्नातून गेलं, दोघांना ते सिद्ध करता आलं नाही आणि दोघांना चार वर्षं. फरक एवढाच की आमच्या गड्याला आदल्या दिवशी बाहेर काढलं आणि तिला आदल्या दिवशी आत घेतलं. का? ती रशियाची म्हणून? टीव्हीवर जास्त चालते म्हणून?

रिंकची_आई
तांबडी माती, नरसिंगसाठी मलाही वाईट वाटलं होतं, पण तो २७ वर्षांचा पोलीस अधिकारी होता हो. आपण काय खातोय हे बघायची अक्कल आणि सवय दोन्ही असलेला. १५ वर्षांच्या मुलीसाठी नियमातच वेगळी तरतूद आहे, ती काय रशियासाठी रात्रीतून लिहिली नाही कोणी. आणि नरसिंगच्या वेळी लवादासमोर मूळ खटलाच चालला, हिच्या वेळी प्रश्न फक्त तात्पुरती बंदी ठेवायची की उठवायची एवढाच होता. सारखं दिसलं म्हणून सारखं नसतं.

तांबडी_माती
ताई, कायदा तुम्ही बरोबर सांगितला, हे मान्य. तरी पोटात दुखतंच.

आणि मग शॅकॅरी रिचर्डसनने विचारलं तेपण चूक का? अमेरिकेची धावपटू, २०२१ च्या जूनमध्ये गांजा सापडला, रिपोर्ट दोन आठवड्यांत, महिन्याची बंदी, टोकियो गेलं. गांजाने कोण जोरात पळतं? तिने सरळ ट्वीट केलं की तिच्यात आणि माझ्यात फरक काय. तिच्या रिपोर्टला दोन आठवडे आणि वालिएवाच्या रिपोर्टला सहा आठवडे?

नियमबहाद्दर
तो सहा आठवड्यांचा घोळ मलाही खटकतो. नमुना स्टॉकहोमच्या लॅबला गेला होता. रशियन म्हणतात लॅबमध्ये कोविडमुळे माणसं नव्हती, वाडा म्हणते की रशियनांनी नमुन्यावर तातडीचा शिक्काच मारला नव्हता. महिन्याभरात ऑलिंपिकला जाणारी मुलगी, आणि तातडीचं नाही! तो रिपोर्ट जानेवारीत आला असता तर हा धागाच निघाला नसता.

उत्तररात्र
उशिरा आलो. सगळे कामिलावर आणि नियमावर भांडताय, पण शिक्षा झाली कोणाला ते बघा ना. फक्त तिला. तुतबेरिद्झे बाईंवर बंदी? नाही. टीमचा डॉक्टर फिलिप श्वेत्स्की, ज्याला रोइंगच्या टीमबरोबर असताना २००७ साली बंदी लागली होती, त्याच्यावर या प्रकरणात? काही नाही. उलट २०२३ मध्ये बाईंना पुतिनकडून सन्मान मिळाला. याच बाईंच्या हाताखालची लिप्नित्स्काया आठवते का, २०१४ च्या सोची ऑलिंपिकची, लाल कोटवाली? १५ व्या वर्षी गोल्ड, १९ व्या वर्षी निवृत्त, खाणं सुटलं म्हणून दवाखान्यात. झागितोवा १५ व्या वर्षी चॅम्पियन आणि १७ ला घरी. ही फॅक्टरी आहे, एक मॉडेल जुनं झालं की पुढचं. पोरीची उंची वाढली, कंबर भरली की क्वाड जातो, म्हणून वाढायच्या आत वापरून घ्यायचं. नमुन्यात डोपिंग शोधताय, ते पद्धतीत आहे.

मंग्या म्हणतो वय १५ असो की ५०. मी म्हणतो १५ ची असेल तर आधी आजूबाजूच्या ५० वाल्यांना धरा.

आणि वाडाच्या कडकपणाचं फार कौतुक नको. याच औषधाने चीनचे २३ पोहणारे २०२१ च्या सुरुवातीला पॉझिटिव्ह निघाले होते. चिनी एजन्सी म्हणाली हॉटेलच्या स्वयंपाकघरातून गेलं, वाडा म्हणाली बरं, अपील नाही, बंदी नाही, जाहीरपण नाही. त्यातले काही टोकियोत पदकं घेऊन आले आणि जगाला कळलं एप्रिल २०२४ ला. तिकडे हॉटेलचं किचन चालतं, इकडे आजोबांचा बोर्ड चालत नाही?

कट्ट्यावरचा_मंग्या
उत्तररात्र, चीनचा मुद्दा जबरा. पण त्यातून निघतं काय? त्या २३ जणांनाही धरायला हवं होतं, हे. हिला सोडायला हवं होतं असं नाही निघत.

कोच डॉक्टरवर कारवाई हवी याला माझा +१. पण रशिया तेव्हा मुळात स्वतःच्या नावाने खेळतच नव्हती ना, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, का तर सरकारी डोपिंग पकडलं गेलं होतं. त्या घरातून आलेल्या पोरीला संशयाचा फायदा द्यायचा आणि प्रामाणिक पोरींना समारंभ नाही असं सांगायचं, हे मला काही केल्या पचत नाही. टीम इव्हेंटवाले अमेरिकन रिकामे डबे घेऊन घरी गेले. त्यांना गोल्ड आणि जपानला सिल्व्हर कधी मिळालं तर ७ ऑगस्ट २०२४, पॅरिसला, आयफेल टॉवरपाशी, भर उन्हाळ्यात! अडीच वर्षं.

रिंकची_आई
मंग्या, तुझं त्या पदकवाल्यांबद्दलचं मात्र पूर्ण पटलं. मी मुलीच्या बाजूची आहे म्हणजे त्यांच्या विरुद्ध नाही. आणि उत्तररात्र, एक झालं हो निदान, जून २०२२ मध्ये फेडरेशनने सीनियरसाठी किमान वय १५ वरून १७ केलं, १०० विरुद्ध १६ मतांनी, टप्प्याटप्प्याने. आमच्या क्लासच्या ग्रुपवर दोन बाप त्यावरपण चिडले होते, म्हणे टॅलेंटला वय नसतं.

उत्तररात्र
त्या दोन बापांना लिप्नित्स्कायाची मुलाखत पाठवा.

गोळीबिस्कीट
एक अडाणी प्रश्न, कॅनडाचं काय झालं? ते तेव्हा चौथे होते ना, रशियाला काढल्यावर ब्राँझ मिळालं असेल.

नियमबहाद्दर
नाही मिळालं. फेडरेशनने तिचे वीस गुण काढले, ७४ चे ५४ राहिले, आणि रशिया तिसरी. कॅनडा ५३. तिच्या खालच्या मुलींना एकेक नंबर वर सरकवून गुण वाढवा, मग आम्ही पुढे जातो, असं कॅनडा भांडत लवादात गेली. अपील फेटाळलं.

गोळीबिस्कीट
म्हणजे जिच्या नमुन्यात सापडलं तिची टीम एका गुणाने ब्राँझ?

नियमबहाद्दर
हो.

तांबडी_माती
आमच्याकडे याला एक शब्द आहे, पण इथे ॲडमिन उडवतील.