कॅम्परव्हॅनसोबत न्यायला बार्बेक्यू कोणता घ्यावा?

भटकी_कढई: नमस्कार मंडळी. डिसेंबरात भंडारदऱ्याला दोन रात्रींसाठी भाड्याची कॅम्परव्हॅन ठरवली आहे. आम्ही सहा जण, त्यात दोघं शाकाहारी. बार्बेक्यू विकत घ्यायचाय, पण कोळसा, गॅस की इलेक्ट्रिक तेच ठरत नाहीये. व्हॅनमध्ये इन्व्हर्टर आहे आणि सामानाला जागा बेताची आहे.

निखारा: इलेक्ट्रिकचं नाव काढू नका. 2000 वॅटची ग्रिल 12 व्होल्टच्या बॅटरीवर साधारण 170 अँपिअर ओढते. तेवढा भार भाड्याच्या व्हॅनचा इन्व्हर्टर बहुधा घेणारच नाही, आणि घेतलाच तर पहिली तंगडी शिजायच्या आत बॅटरी मान टाकेल. मुक्कामाच्या जागी 16 अँपिअरचा सॉकेट मिळत असेल तरच विचार करा.

माझं मत कोळशाला. सहा जणांना 45 बाय 30 सेंमीची जाळी पुरते. दुकानात तीन गोष्टी बघा. निखारे आणि जाळी यांत 10 ते 12 सेंमी अंतर हवं. ब्रीफकेससारख्या मिटणाऱ्या स्वस्त शेगड्यांत ते जेमतेम 5-6 सेंमी असतं, म्हणून चिकन बाहेरून काळं आणि हाडापाशी कच्चं राहतं. दुसरं, खाली वाऱ्याची भोकं हवीत आणि ती झाकता येणारी हवीत; नुसती भोकं पाडलेली असली तर धरणावरचा वारा आच ठरवतो, तुम्ही नाही. तिसरं, झाकण. तंगडी खाल्लीच पाहिजे असा घरात आग्रह असेल तर झाकणाला पर्याय नाही. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी कापून टाकू नका, तापली की जस्ताचा धूर अन्नाला आणि नाकाला लागतो.

कोळसा लाकडीच आणा, दगडी नको. पहिल्या संध्याकाळसाठी दीड किलो धरा. गोणीच्या तळाचा चुरा वेगळा काढा, तो मधल्या फटी बुजवतो आणि आच गुदमरते. करवंटीचे ब्रिकेट, म्हणजे करवंटीच्या कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, जास्त वेळ टिकतात, पण पेटायला अर्धा तास घेतात. थोडे मिसळले तर उत्तम.

तवाफोड: निखारासाहेब, सहा माणसं भुकेली आणि कोळसा पेटत नाही, हा प्रसंग नको असेल तर गॅस बरा. 2 किलोवॅटचा बर्नर तासाला साधारण 150-160 ग्रॅम ब्युटेन (डब्यात भरलेला गॅस) पितो, म्हणजे 220 ग्रॅमचा डबा सव्वा तासाच्या थोडा वर चालतो. दोन रात्रींना तीन डबे धरा. पहाटेच्या गारठ्यात ज्योत मंदावते, कारण गॅस बाहेर पडताना डबा आणखी गार होतो. मग डबा कोमट हातांत धरायचा, आगीजवळ न्यायचा नाही. आणि शेगडीत बर्नरशेजारी डबा बसतो त्या कप्प्यावर येईल एवढा मोठा तवा ठेवू नका. खालून परत येणारी उष्णता डब्याला तापवते आणि तो फुटू शकतो.

निखारा: कोळसा पेटत नाही तो रॉकेल ओतणाऱ्यांचा. चिमणी घ्या, म्हणजे दोन्हीकडून उघडा पत्र्याचा नळा. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे आणि खाद्यतेलात बुडवलेला सुती काकडा, वर कोळसा. 15-20 मिनिटांत वरच्या तुकड्यांवर पांढरी राख धरली की शेगडीत ओता. पसरायचं मात्र अर्ध्याच भागात! अर्धी बाजू रिकामी ठेवा. चरबी गळून भडका उडाला की तुकडे तिकडे सरकवायचे, आणि तंगडी झाकण लावून तिथेच शिजवायची.

पुदिनाचटणी: मसाल्यात दही असेल तर चक्का करूनच घाला. पातळ दही गळतं, निखारे विझवतं आणि राख उडवून पनीरवर बसवतं. साखर-मध शेवटच्या पाच मिनिटांतच लावा. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. झाकणाखाली पाऊण तास धरा, पण घड्याळापेक्षा थर्मामीटर बरा: हाडालगत 74 अंश.

शाकाहारींसाठी वेगळा चिमटा ठेवा आणि जाळी आधी त्यांना द्या. चिकनच्या डब्यात उरलेला मसाला भाज्यांना लावायचा नाही.

भटकी_कढई: आभार. पनीर जाळीला चिकटतं, त्याचं काय? आणि वांग्याचं भरीत होईल का?

पुदिनाचटणी: जाळी आधी पाच मिनिटं कडकडीत तापवा, मग तेलाचा बोळा फिरवा, तेल पनीरलाही लावा. तुकडे दीड इंचाचे, आणि सुटतील तेव्हाच उलटा. ओढून उलटलं की कवच जाळीला राहतं. शीग चपटी घ्या. गोल शिगेवर तुकडे जागच्या जागी फिरतात. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

भरीत होईल, आणि झकास. वांगं थेट निखाऱ्यांवर, दोन-तीन ठिकाणी टोचून. न टोचलेलं वांगं फुटतं.

तवाफोड: एक गोष्ट कोणी बोललं नाही. पेटतं असो की विझत आलेलं, व्हॅनमध्ये, तंबूत किंवा ताडपत्रीखाली काहीही न्यायचं नाही, थंडी कितीही वाजो. त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू निघत राहतो, त्याला वास नाही, रंग नाही. शेगडी व्हॅनपासून तीन मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

निखारा: जागेचंही बघा. भंडारदऱ्याभोवतीचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे आग लावायची नाही. खाजगी कॅम्पसाइटवर मालकाला विचारून, वाळकं गवत दीड-दोन मीटर साफ करून, शेगडीखाली मातीची जागा बघून लावा. पाण्याची बादली आधीच भरून ठेवा.

भटकी_कढई: राखेचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं आहे.

निखारा: झोपण्याआधी थोडं थोडं पाणी घालून काठीने ढवळा, फुसफुस थांबेपर्यंत. एकदम बादली ओतली तर तापलेला पत्रा वाकतो आणि वाफ तोंडावर येते. वाळूत पुरू नका, वरून गार दिसतं आणि आत तापलेलंच राहतं. अनवाणी पोरं तिथेच पाय देतात. सकाळी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. जाळीला कोमट असतानाच अर्धा कांदा काट्यात धरून घासलात तर घरी फक्त धुवायची राहील.