टीव्हीवर खरं विज्ञान दाखवणारे माहितीपट कसे हुडकायचे?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे, पोरगी सातवीत. जेवणं झाली की पाऊण तास टीव्ही आम्हा दोघांचा असतो. पण विज्ञानाचं म्हणून जे चॅनेल लावावं, तिथं कुणी गाडलेलं सोनं उकरतंय, तर कुणी पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले म्हणतंय. परवा पोरगी म्हणाली, "पप्पा, हे खरंय का?" नाही म्हटलं, पण त्याऐवजी दाखवायला हाताशी काही नव्हतं.

तिच्या वयाचा असताना दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' लागायचं. शास्त्रज्ञ यशपाल सर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढं पोतं टाकून बघितलंय मी ते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला आमच्या आळीत दारं-खिडक्या बंद होत्या. टीव्हीवर सर समजावून सांगत होते. सूर्य झाकून कडेला हिऱ्याच्या अंगठीसारखा उजेड चमकला आणि माळ ओढत बसलेली आजी उठून टीव्हीपुढं आली. असं काही आता लागतं का? हिंदीत असलं तरी चालेल.

कऱ्हाडची_मास्तरीण:
दादा, चॅनेल हुडकू नका, मालिकेचं नाव धरून हुडका. एकाच चॅनेलवर आठला भुताटकी असते आणि नऊला उत्तम माहितीपट. निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या डेव्हिड ॲटनबरोंची झाडांवरची 'द ग्रीन प्लॅनेट' बघा, २०२२ ची, पाच भाग. सोनी बीबीसी अर्थवर अशा मालिका लागतात. त्यात पानं कापून नेणाऱ्या मुंग्या आहेत. त्या पानं खात नाहीत, वारुळातल्या बुरशीला घालतात आणि ती बुरशी खातात. माझ्या वर्गात हे सांगितलं तर मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठेनात.

मी एकच बघते: "हे कसं कळलं?" याचं उत्तर माहितीपट देतो का? ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्याकडं घरोघरी आजी-आजोबांनी सांगितलेला. "धरणामुळं झाला" म्हणून कुणीही सांगेल. पण साठलेल्या पाण्याचं वजन आणि भेगांतनं खाली मुरणारं पाणी आधीच ताणलेल्या खडकाला कसं सरकवतं, आणि ते तपासायला कोयनेच्या भागात ३ किलोमीटर खोल भोक का पाडलं, हे जो दाखवेल तो खरा माहितीपट.

केबलवाला_मिरज:
रिमोटवरचं 'गाइड' दाबा, पुढचे काही दिवस काय लागणार ते दिसतं. तिथंच रिमाइंडर लावायचा. भाषेचं बटण बघा, बऱ्याच मालिकांना हिंदी आवाज असतो. बॉक्सला यूएसबी असेल आणि रेकॉर्डिंगची सोय असेल तर पेन ड्राइव्ह लावून ठेवा. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला मळ्यात गेलात तरी भाग चुकत नाही.

कृष्णाकाठ_सांगली:
खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची 'कॉसमॉस' मिळाली तर सोडू नका. १९८० ची, १३ भाग. आठवड्याला एकच भाग लावा आणि मग गच्चीवर जाऊन आकाश बघा. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकर सरांनी दूरदर्शनसाठी 'ब्रह्मांड' केली होती. तशी मालिका मराठीत व्हावी असं फार वाटतं.

द्राक्षबाग_तासगाव:
सगळ्यांचे आभार. गाइडमध्ये 'ग्रीन प्लॅनेट' घावली. ऋतूंच्या भागात दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगणारी अमरवेल निघाली! आमच्या जनावरांच्या चाऱ्यावर, लसूणघासावर दरसाल पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पडतं, ते मी नुसतं उपटून जाळत आलो. टीव्हीवर तिचं टोक चाचपडत, गोल गोल फिरत देठ शोधताना दिसलं. पोरगी टीव्हीला चिकटूनच उभी. आता लसूणघासाच्या कुंडीत तिनं अमरवेलीचा तुकडा सोडलाय, मागं पुठ्ठा लावून टोकाची जागा पेन्सिलीनं मांडतेय. "तिला देठ कुठंय ते कसं कळतं?" मास्तरीणबाई, काय सांगू?

कऱ्हाडची_मास्तरीण:
वासानं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ साली हे दाखवलं. अमरवेलीचा कोवळा कोंब टोमॅटोच्या रोपाकडं वळला, नकली रोपाकडं नाही. पुढं नुसता टोमॅटोचा वास ठेवला तरी तो तिकडंच वळला. पण हे बियातनं नुकत्या उगवलेल्या कोंबावर केलेलं होतं, तुकड्यावर नाही.

द्राक्षबाग_तासगाव:
लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचं बी मिसळून येतंच, बारीक असतं, चाळणीतनं खाली गळतं. आत्ता दोघं चाळत बसलोय. टोमॅटोचं रोप सकाळी रोपवाटिकेतनं आणतो. सगळं कुंडीतच, फुलायच्या आत जाळणार.