मदत हवी आहे: परसात रान माजलंय, काय उपटू आणि काय ठेवू?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमचं सासरचं घर आहे. सासूबाई गेल्यापासून तीन पावसाळे ते बंद होतं. यंदा दिवाळीला गेलो तर मागचं दार उघडेचना, बाहेरून झुडपं टेकलेली. पाचेक गुंठ्यांचं परस, पण विहिरीपर्यंतची वाट कोयतीने मोकळी करत जावं लागलं.

शेजारच्या काकांचं म्हणणं, जेसीबी घाला, अर्ध्या दिवसात सगळं साफ. माझं मन होत नाही. सासूबाईंचा अनंत आणि सोनटक्का आत कुठेतरी आहेत, वास येतो पण दिसत नाहीत. शिवाय गेल्या वर्षी गड्याकडून ग्रासकटर फिरवून घेतला होता. जे नको होतं तेच यंदा दुप्पट आलंय. म्हणून आधी ओळख पटवायची आणि मगच बेणणी, असं ठरवलंय. फोटो चढत नाहीयेत, वर्णनावर भागवून घ्या.

१. गडग्याला लागून सगळीकडे आहे ते. माझ्या उंचीचं, पानं समोरासमोर, त्रिकोणी, कडेला दाते. पानाच्या बुडाजवळून तीन शिरा निघतात, त्रिशूळासारख्या. चुरगळलं की उग्र वास. आता शेंड्यांना कळ्या धरल्यात. गडी म्हणतो रानमोडी. तीच ना?

२. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं सुबाभळीचं बन. हे मी ओळखते, कारण सासऱ्यांनीच ऐंशीच्या दशकात चाऱ्यासाठी एक लावली होती. गुरं गेली, सुबाभूळ राहिली.

३. छत्रीसारख्या मोठ्या गोल पानांचं एक. देठ पानाच्या कडेला नाही, आतल्या बाजूला चिकटलेला, कमळाच्या पानासारखा. तीन वर्षांत पार पन्हाळीला पोचलंय.

४. आंब्याची दोन रोपं, कमरेएवढी. कोय पडून रुजली असावीत. ही ठेवणारच आहे, फक्त हलवायची कधी ते सांगा. एकच शंका: गड्याने एकाची फांदी छाटली, तिथे डिंक काळाकुट्ट झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावर फोड आले.

५. विहिरीच्या चिऱ्यांमधून उंबर फुटलाय. याला हात लावायला गडी तयार नाही. दत्ताचं झाड, मी नाही तोडणार म्हणाला.

कढीलिंबाचंही रान झालंय, पण ते कळतंय. बुलबुल फळं खातात आणि आंब्याखाली बी टाकतात. त्यातली चार झाडं ठेवून बाकीची वाटून टाकेन, कोणाला हवी असतील तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर. चार नंबरला कोणालाही हात लावू देऊ नका! तो आंबा नसावा, रानबिबा वाटतोय. त्याच कुळातला आहे, म्हणून पानं फसवतात. पानाचा देठ लांबूनच बघा: त्यावर दोन बारीक, मऊ काट्यांसारखे उंचवटे असतात, कधी कधी गळूनही जातात. आंब्याचं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो, पण ती परीक्षा इथे नकोच. चीक उघड्यावर काळा पडतो आणि अंगाला लागला तर फोड येतात. काहींना नुसत्या झाडाखाली बसूनही त्रास होतो म्हणतात. काढायचा झाल्यास लांब बाह्या, हातमोजे, आणि चुकूनही जाळू नका, त्याचा धूरसुद्धा बाधतो. गड्याचे फोड चिघळले तर डॉक्टरला दाखवा.

प्रतिसाद २

एक नंबर रानमोडीच. मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे आता कुठे नाही ते विचारा. तुमच्या ग्रासकटरने काय झालं सांगतो: ती वरून कापली की बुडातून चार धुमारे फुटतात. मुळं फार खोल नसतात, त्यामुळे उपटणं हाच उपाय. जमीन आता कडक झाली असेल, तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि पहारीने बूड सैल करून खेचा. पण उशीर नको. फुलं डिसेंबरच्या सुमारास, मग म्हातारीसारखं बी वाऱ्यावर. त्याआधी काढलीत तर तीच कलमांच्या अळ्यात आच्छादन म्हणून पसरता येईल. वाळलेली रानमोडी परसात ढीग करून ठेवू नका, भडका उडतो.

जेसीबी नको हे बरोबरच. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात पहिली कोण पकडणार? हीच, आणि टणटणी. एका वेळी एक तुकडा साफ करा आणि तिथे लगेच काहीतरी लावा, हळद-आलं का होईना.

तीन नंबर चांदाडा. फांदी कापल्यावर लालसर चीक दिसेल. आपल्याकडचंच झाड आहे, मोकळी जागा दिसली की सगळ्यांच्या आधी उभं राहतं. कौलांना घासत असेल तर काढा, गडग्याकडे असेल तर राहू द्या. त्या सावलीत रानमोडीला फारसं जमत नाही.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? तणनाशक मारा, आठवड्यात सगळं वाळेल.

प्रतिसाद २ चं उत्तर

विहिरीला लागून? पाणी तेच पितात ना घरचे!

प्रतिसाद ४

सुबाभळीचं माझ्याकडून ऐका, मी सात वर्षं तिच्याशी भांडतोय. हिरव्या शेंगा असतानाच कापा. तपकिरी होऊन उकलल्या की बी जमिनीत पडतं आणि बरीच वर्षं रुजत राहतं. बोटाएवढी रोपं पावसाळ्यात उपटतात, मोठ्या झाडाचा बुंधा मात्र पुन्हा फुटतो. दर महिन्याला फुटवे मोडत राहायचं, दुसरं काही नाही. मोडलेला पाला शेजारच्या शेळ्यांना द्या, पण थोडाथोडाच, इतर चाऱ्यात मिसळून. घोड्याला अजिबात नको, आयाळ झडते.

उंबर लहान आहे तोवर चिरे सैल करून मुळासकट सोडवा आणि बांधावर लावा. तोडायचा नाही, हलवायचा आहे म्हटलंत तर गडीच पुढे होईल. उशीर केलात तर विहिरीची भिंत जाईल.

आणि गडग्यालगत ऐन, किंजळ, खैर अशी रोपं आहेत का ते बघून घ्या. ती अनुसूचित झाडं आहेत, एकदा मोठी झाली की तोडायला परवानगी लागते. ठेवायची की नाही ते आत्ताच ठरवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आत्ताच गड्याला फोन केला. मनगटाचे फोड बसतायत, पण खाज आहे, उद्या दवाखान्यात जाणार आहे. देठ लांबूनच बघायला सांगितला होता. एका रोपाच्या देठावर ते दोन उंचवटे आहेत, दुसऱ्याच्या नाहीत. म्हणजे दुसरा आंबा समजू, की त्याचे गळून गेलेत? शनिवारी मी स्वतः जाते आहे, तोवर दोन्हींना दोरी बांधून ठेवायला सांगितलंय.

उंबराबद्दल तो म्हणाला, हलवायचा असेल तर गुरुवारी येतो.