गरोदरपणातील सिफिलिस: एकच चाचणी पुरेशी नाही
पहिल्या तिमाहीत व्हीडीआरएल (सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराची रक्तचाचणी) निगेटिव्ह आली की काळजी मिटली, असे म्हटले जाते. त्याला एक पुस्ती जोडतो. संसर्ग नंतरच्या महिन्यांतही होऊ शकतो, आणि तो नवा असताना जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून जोखीम असल्यास २८ आठवड्यांच्या सुमारास आणि प्रसूतीच्या वेळी चाचणी पुन्हा करावी. उपचार पेनिसिलिनचाच (ॲलर्जी असली तरी रुग्णालयात टप्प्याटप्प्याने सवय करून तेच देतात), आणि तो प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेला हवा. नवऱ्याला उपचाराविना सोडणे ही मला सर्वांत क्लेशदायक हेळसांड वाटते, कारण त्यामुळे बरी झालेली आई पुन्हा बाधित होऊ शकते. जन्मतः निरोगी दिसणाऱ्या बाळातही लक्षणे काही आठवड्यांनी उमटू शकतात. तेव्हा आईचे अहवाल बालरोगतज्ज्ञांना आवर्जून दाखवावेत.